कसबा पेठेतलं दादांचं सलून: दाढी एक नंबर, आणि राजकारणावरून कुणी दुखावून जात नाही

पुण्यात फडके हौद चौकातून आत आलं की गल्लीत तीन खुर्च्यांचं जुनं सलून आहे, पाटी इतकी पुसट झालीये की नावाने कुणी ओळखतच नाही, दादांचं सलून म्हणलं की कोणीही दाखवेल. दहा वर्षं मी तिथेच जातो. कटिंगचं नंतर सांगतो, आधी ज्याच्यासाठी लिहायला बसलोय ते.

मी स्वतः इलेक्ट्रिकलच्या दुकानात काउंटरला असतो. २०२३ ची कसब्याची पोटनिवडणूक आठवत असेल, २८ वर्षं भाजपकडे असलेली सीट २ मार्चला काँग्रेसच्या धंगेकरांनी घेतली, पेठांमधे दुसरा विषयच नव्हता. आमच्याकडे एक वायरमन काका यायचे, वायरची बंडलं, एमसीबी, बोर्ड सगळं आमच्याकडूनच. निकालाच्या दुसऱ्या दिवशी माझी त्यांच्याशी जुंपली. कोण कुठल्या बाजूचं ते सोडा, पण मी चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणलं, तुम्हाला यातलं काही कळत नाही. काढलेला माल त्यांनी तसाच काउंटरवर ठेवला आणि गेले ते परत आले नाहीत. धंदा गेल्याचं नाही एवढं, त्या माणसाचं मला अजून लागतं.

तेव्हापासून दादा काय करतात ते मी नीट बघायला लागलो. सलूनमधे माणूस अर्धा तास अडकलेला असतो, बाकावर अजून चार जण, विषय निघणारच, आणि दादा कुणाला गप्प करत नाहीत. टीव्हीवर बातम्या मात्र लावत नाहीत, मॅच नाहीतर जुनी गाणी. कुणी तावातावाने बोलत असेल तर पूर्ण ऐकतात, हो पण नाही आणि नाही पण नाही, मग विचारतात, काका, याने आपल्या गल्लीत काय फरक पडेल? की गाडी येते पाण्याच्या प्रेशरवर नाहीतर पार्किंगवर, आणि तिथे सगळ्यांची तक्रार एकच. तुम्ही कुणाला दिलं असं थेट विचारलं तर म्हणतात, बटण दाबलं आणि विषय तिथेच ठेवून आलो.

४ जून २०२४, लोकसभेचा निकाल, मंगळवार. सोमवारी सलून बंद असतं म्हणून गर्दी होती. एक काका खुर्चीत, तोंडाला फेस, बाकावरचा पोरगा मोबाईलवर आकडे मोठ्याने वाचत होता. शिवसेना, राष्ट्रवादी, खरा पक्ष कुणाचा आणि चिन्ह कुणाचं यावरून सुरू झालं आणि काकांनी त्याच्या बापाचा उद्धार केला, पोरगा ए म्हाताऱ्या म्हणून उठला. दादांनी वस्तरा पुसला, मिटला, फळीवर ठेवला आणि नुसते उभे राहिले. अर्धी दाढी तशीच. पंख्याचा तेवढा आवाज. मग पोराला म्हणाले, तुझं मत तुझं, पण माझ्या दुकानात काकांना ए म्हणायचं नाही, बस, पुढचा नंबर तुझाच आहे. आणि काकांना म्हणाले, तुम्हीपण बापावर जायला नको होतं. दोघांनाही तेवढंच. बाहेर जा कुणालाच नाही, आणि त्या पोराची कटिंग नेहमीसारखी निवांत केली, डोक्याला मालिशसकट. आजही दोघं येतात.

मला यातून कळलं ते हे की दादा मताला हातच लावत नाहीत, बोलण्यातल्या अपमानाला तिथल्या तिथे अडवतात. मी नेमकं उलट केलं होतं. नोव्हेंबरला विधानसभेच्या वेळी काउंटरवर तापायला लागलं की मी ऐकून घ्यायचो आणि विचारायचो, साहेब, वायर दीडची देऊ की अडीचची? खरंच चाललं.

एक मात्र पटत नाही. एकदा एक जण एका समाजाबद्दल फार घाण बोलत होता, तेव्हाही दादांनी गल्लीचाच प्रश्न टाकून विषय फिरवला. तिथे वस्तरा ठेवायला हवा होता असं मला वाटतं, समोरच्या बाकावर त्याच समाजाचा माणूस मान खाली घालून बसलेला. मी दादांना नंतर बोललो, त्यांनी ऐकून घेतलं.

बाकी दाढी अप्रतिम, कल्ले एकदम सारखे, ब्लेड दर वेळी नवीन, शेवटी तुरटी. शिकाऊ मुलाकडे कटिंगला बसू नका, मागून वरखाली होते. रविवारी तासभर धरून चला, एसी नाही, क्यूआर आहे.

त्या वायरमन काकांकडे गेल्या दिवाळीत फराळ घेऊन गेलो होतो, म्हणलं तेव्हा तसं बोलायला नको होतं. त्यांनी चहा दिला. दुकानात अजून आलेले नाहीत.