ईएफ ४५ आणि ईएफ ३५

डिचोलीत आमच्या घरात इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, दोन रिपोर्ट आहेत. बाबांचा ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) ४५, काकांचा ३५. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, तो हा आकडा. ‘निम्मंही नाही’ म्हणून बाबा हबकले होते. पण निरोगी हृदयही साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त फेकतं.

४१ ते ४९ म्हणजे क्षमता थोडी कमी; ४० आणि त्याखाली बरीच कमी. हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय कमी पडण्याची, लक्षणं धाप, थकवा, सूज दोन्हींत तीच. नडगीवर अंगठा दाबला की दोघांच्याही पायावर खळगा राहतो.

फरक औषधांत. काकांच्या गटात चार प्रकारच्या औषधांमागे भक्कम पुरावा आहे, आणि उपचारानंतरही आकडा ३५ च्या वर गेला नाही तर काहींना आयसीडी (ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं छोटं यंत्र) बसवतात. बाबांच्या गटात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या गोळ्यांचा पुरावा सर्वांत ठोस, मधुमेह नसला तरीही. बाकीची औषधं डॉक्टर माणूस बघून ठरवतात.

मला मात्र महत्त्वाचं वाटतं ते हे, की ४५ कुठून आला? ५५ वरून घसरला की औषधांनी ३० वरून चढला? चढला असेल तर ‘आता बरं आहे’ म्हणून गोळ्या बंद करणं धोक्याचं. हृदय पुन्हा ढासळू शकतं.

पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, खारे बांगडे दोघांनाही वर्ज्य. सकाळी लघवीनंतर वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच डॉक्टरांना फोन.