मेल कधी पाठवायचा हे एआयला ठरवू दिलं, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा मसाले आणि फराळाचा छोटा धंदा आहे डोंबिवलीत, मावशीने सुरू केलेला, ऑनलाइनचं सगळं माझ्याकडे. ईमेलची यादी नऊएक हजारांची, त्यातले हजारभर बाहेरचे, न्यू जर्सी, दुबई, लंडन वगैरे. गेल्या जूनमध्ये मी मेल पाठवायच्या टूलचा वरचा प्लॅन घेतला तो फक्त एका फीचरसाठी, की प्रत्येक माणसाला त्याच्या त्याच्या वेळेला मेल जाणार आणि ती वेळ एआय ठरवणार. टूलचं नाव लिहीत नाही, मेलचिंप, क्लेव्हियो, सेल्सफोर्स सगळ्यांकडे मेलची वेळ ठरवून देणारं काही ना काही कुठल्या ना कुठल्या नावाने आहेच आणि खाली लिहिलेल्या बऱ्याच भानगडी कुठल्याही टूलमध्ये होतील अशा आहेत.

आत काय चालतं ते थोडक्यात. मेलमध्ये एक न दिसणारं चित्र असतं, ते लोड झालं की मेल उघडला अशी नोंद होते, लिंक दाबली की क्लिकची नोंद. आठवड्याचे तास १६८, त्यातल्या प्रत्येक तासाला त्या माणसाचा स्कोअर लागतो आणि सगळ्यात वरच्या तासाला मेल सुटतो. नवीन माणसाची माहितीच नसेल तर बाकीच्यांच्या सरासरीवर ढकलगाडी.

पहिल्या महिन्यात ओपन रेट (शंभरातल्या किती जणांनी मेल उघडला तो आकडा) असा वर गेला की मी स्क्रीनशॉट काढून मावशीला दाखवला. ती म्हणाली, "अरे, एवढे लोक उघडतायत तर चकल्या का पडून आहेत?" ऑर्डरी होत्या तेवढ्याच होत्या. मग मी एकेकाचं प्रोफाइल उघडून बघायला बसलो तर ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंची सर्वोत्तम वेळ दाखवत होतं पहाटे ३:३०. (हे साडेतीन कुठून आलं तर टूल तास मोजतं यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे, आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे सगळे मेल कायम अर्ध्या तासावर पडतात, चालायचंच.) फोन केला त्यांना, म्हटलं काकू तुम्ही पहाटे उठून मेल बघता का, तर म्हणे मी मेल बघतच नाही रे, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत जा.

आयफोन होता त्यांच्याकडे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ आलं तेव्हापासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये प्रायव्हसीची सोय आहे, ती चालू असली की मेलमधली चित्रं मागच्या मागे आधीच लोड होतात, माणसाने मेलला हात लावला नाही तरी. म्हणजे होतं काय, टूल सुरुवातीला काही लोकांना मुद्दाम वेगळ्या वेळी पाठवून बघतं, पहाटे पाठवलं, फोनने थोड्या वेळात स्वतःच उघडलं, टूलला वाटलं वा काय नेम लागला, पुढच्या वेळी परत पहाटे. स्वतःच प्रश्न विचारायचा, स्वतःच उत्तर द्यायचं आणि पैकीच्या पैकी मार्क घ्यायचे. सेटिंगमध्ये फक्त क्लिक धरा असा पर्याय होता पण तो तीन पानं आत, आणि सपोर्टवाल्याने चौथ्या मेलला सांगितला.

तो लावला तर उरलं काय, पुरेसे क्लिक असलेले जेमतेम दोन हजार लोक. बाकी सगळे सरासरीवर. त्यातही एक गंमत, दोन वर्षं मी सगळ्यांना सकाळी ११ लाच मेल टाकत आलोय, तर लोकांनी क्लिक केलंय ते ११ नंतरच, त्याआधी करणार कसं! आणि ते टूल मला सांगतंय की तुमच्या गिऱ्हाइकांना ११:३० ची वेळ आवडते. माझ्याच सवयी शिकून मलाच विकत होतं. ऑफिसच्या पत्त्यांचं तर विचारूच नका, तिथे सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर मेल आला की लिंका स्वतः दाबून तपासतं, ते पण क्लिक म्हणून धरलेलं.

दिवाळीत खरा दणका बसला. परदेशी फराळाची मुदत होती, मेलमध्ये ठळक लिहिलं "आज रात्री १२ पर्यंत", आणि ते फीचर चालूच राहिलं. ते मेल २४ तासांत पसरवून पाठवतं, त्यामुळे कित्येकांना मेल मिळाला दुसऱ्या दिवशी. एका काकांनी उत्तर पाठवलं की जेवणावळ उठल्यावर आमंत्रण आलं बुवा. मावशीने १४ ऑर्डरी हाताने लिहून घेतल्या, कुरिअरचे जास्तीचे पैसे आमच्या खिशातून. चूक माझी आहे मान्य, पण मेलमध्ये तारीख दिसली तर निदान एक इशारा द्यायला काय जातं?

मग नोव्हेंबर ते जानेवारी नीट चाचणी घेतली. यादीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग केले, एकाला टूलची वेळ, दुसऱ्याला मावशीची वेळ, दुपारी २:३०, कारण तिचं म्हणणं सकाळी बायका डब्यांच्या गडबडीत असतात, जेवणं आटोपली की फोन हातात येतो. ओपन बघायचेच नाहीत, तीन दिवसांतल्या ऑर्डरी मोजायच्या. इथल्या गिऱ्हाइकांत फरक इतका कमी की मी त्यावर वडापावची पैज लावणार नाही. जुनी, नेहमी क्लिक करणारी मंडळी होती त्यांच्यात टूल थोडं पुढे, ते मात्र दरवेळी. परदेशात टूल सरळ सरळ पुढे, पण त्यात एआयचं कौतुक नको, आपले दुपारचे २:३० म्हणजे हिवाळ्यात न्यू जर्सीत पहाटेचे ४, तिथल्या घड्याळाप्रमाणे पाठवायची साधी सोय खालच्या प्लॅनमध्येही आहे.

एक फायदा मात्र जाहिरातीत कुठेच नव्हता. पूर्वी ११ ला मेल गेला की एक वाजेपर्यंत फोन नुसता खणखणायचा, पैसे कट झाले ऑर्डर दिसत नाही, भाजणी संपली का, आणि पॅकिंगच्या दोघी मुली रडकुंडीला. आता ऑर्डरी दिवसभर थेंब थेंब येतात. मावशीला हे फीचर आवडतं ते एवढ्यासाठीच, आणि खरं सांगायचं तर मलाही.

अजून एक, हे घ्यायच्या आधी डोमेनचं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तपासा, म्हणजे मेल खरंच आपल्याच नावावरून आला हे पटवणाऱ्या तीन सेटिंगा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आहेत आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. आमचं डीकेआयएम होस्टिंग बदलताना तुटलेलं, मला दोन महिने पत्ताच नाही, मेल स्पॅममध्ये जात होते आणि मी बसलोय वेळेचे ग्राफ बघत.

५ पैकी ३ देतो. तुमच्याकडे दर आठवड्याला क्लिक करणारी मोठी जुनी यादी असेल तर घ्या, आमच्यासारख्या सणावारी धंद्याला महाग पडतं. मी आता मसाला संपत आला असेल याची आठवण करून देणाऱ्या मेलना चालू ठेवलंय, मुदतीच्या मेलना बंद. जूनमध्ये प्लॅन खाली आणणार आहे, मग पॅकिंगची गर्दी टाळायला यादीचे चार तुकडे करून दोन दोन तासांनी मीच पाठवेन.