वाट शिकायला मोलाची कोणती मेंदूलहर: थीटा लय की रिपल?
उंदीर भुलभुलैयात धावतो तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी घडवणाऱ्या भागात, सेकंदाला साधारण 6 ते 10 आवर्तनांची विद्युत लहर, म्हणजे थीटा लय, चालते. डावीकडे की उजवीकडे, हे ठरवायच्या वळणावर प्रीफ्रंटल भागातल्या, म्हणजे मेंदूच्या पुढच्या, निर्णयाशी निगडित भागातल्या पेशीही त्याच लयीत येतात. मृदंगाच्या ठेक्यावर टाळकरी येतात तशा.

रिपल ही हिप्पोकॅम्पसमधलीच छोटी, वेगवान लहर. ती उमटते उंदीर थांबल्यावर किंवा झोपल्यावर. वेग सेकंदाला 150 ते 250 आवर्तनं, आयुष्य सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाचं. तेवढ्यात चाललेली अख्खी वाट पेशींमध्ये पुन्हा उजळून जाते!

मला रिपल जास्त मोलाची वाटते. 2012 मध्ये जाग्या उंदरांच्या रिपल मुद्दाम खंडित केल्या, तेव्हा मागची फेरी आठवून पुढची वाट निवडायला शिकणं त्यांना जड गेलं. परतीची सोपी वाट मात्र ते नीट शिकले.