सीईटीचा अर्ज फुकट भरून देणारे आणि त्यांची कॉलेजांची यादी

दरवर्षी जानेवारीच्या सुमारास बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी गावांतून फलक लागतात: कर्नाटकच्या सीईटीचा अर्ज मोफत भरून मिळेल, इंजिनिअरिंग-नर्सिंगच्या प्रवेशाचं मार्गदर्शन मिळेल. त्यातली काही माणसं मनापासून मदत करतात, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आमच्या घराला ज्यानं लुबाडलं तो अशाच एका शिबिरातून घरात आला. तक्रार चालू आहे म्हणून त्याचं नाव देत नाही. तो काम कसं करतो ते मात्र सगळं लिहितो.

माझी धाकटी बहीण पहिली ते दहावी येळ्ळूरच्या मराठी शाळेत शिकली आणि पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला बेळगावात आली. आमच्या घरातून इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच. बाबांची भातशेती, मी उद्यमबागेत फाउंड्रीत. परीक्षा आणि प्रवेश ज्यांच्या हातात, त्या केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) वेबसाइट कन्नड आणि इंग्रजीत; बाबा कन्नड बोलतात, पण वाचता येत नाही. अशा घरी टिळकवाडीत ऑफिस असलेला माणूस येतो, मराठीत बोलतो, आईला मावशी म्हणतो, चहा घेतो. "आपल्या पोरीबाळींचं आपणच बघायचं की काका, बेंगळूरवाले येणार आहेत काय?" असं तो बाबांना म्हणाला. आपल्या भागात हे वाक्य ऐकल्यावर कुणाच्याही मनातला संशय विरघळतो, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

शिबिरात अर्ज खरोखरच फुकट भरला गेला. फक्त मोबाइल नंबरच्या रकान्यात नंबर पडला त्याच्या ऑफिसचा, ईमेलही तिथलाच. "ओटीपी सारखे येत राहतात, पोरीचा अभ्यास मोडतो," एवढंच कारण सांगितलं. त्यानंतर केईएकडून येणारा प्रत्येक मेसेज आणि प्रत्येक ओटीपी त्याच्याकडं जाऊ लागला. पासवर्डही त्याच्याच पोरांनी ठरवलेला.

निकाल लागला, रँक चाळीस हजारांच्या पुढं आली. वाईट नव्हती, पण हवं तिथं मिळेल अशीही नव्हती. व्हीटीयूला (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) जोडलेली कॉलेजंच दोनशेच्या आसपास, शिवाय खासगी विद्यापीठं, आणि प्रत्येकात पाच-सहा ब्रँच. ऑप्शन एंट्रीचं, म्हणजे कॉलेजांची पसंती भरायचं, पान उघडलं की ई अक्षरानं सुरू होणाऱ्या कोडांची रांगच रांग दिसते. नावं एकसारखी, पत्ते अनोळखी. यातून कुठली कॉलेजं ठेवायची आणि कुठली काढायची, हे कळत नाही म्हणूनच माणूस मदत शोधतो. त्याचा धंदा याच ठिकाणी उभा आहे. "हजार ओळींतनं तुमच्या कामाच्या तीस काढून देतो," म्हणाला आणि लिस्टिंगचे अठरा हजार घेतले.

त्यानं यादी छाटली ती अशी. बहिणीला बेळगावात नाहीतर हुबळी-धारवाडला शिकायचं होतं. त्यानं रंगीत तक्ता पुढं केला आणि उद्यमबागेतल्या गोगटे इंजिनिअरिंग कॉलेजपासून धारवाडपर्यंतची सगळी कॉलेजं एकेक करून खोडली. रँक बसतच नाही म्हणाला. तक्त्यातले आकडे खरे होते. पण ते जीएमच्या, म्हणजे आरक्षण नसलेल्या जागांच्या, रकान्यातले, पहिल्या फेरीचे आणि कॉम्प्युटर सायन्सचे होते. आम्ही मराठा, म्हणजे कर्नाटकातल्या आरक्षणात थ्री बी कॅटेगरी. पोरगी दहावीपर्यंत खेड्यात शिकलेली, म्हणजे रुरल. तिच्यासाठी बघायचा रकाना थ्री बी आर. केईए मागच्या वर्षीचे कटऑफ फेरीवार आणि कॅटेगरीवार जाहीर करते, कुणालाही फुकट बघता येतात. कॅटेगरीच्या मागं जी असेल तर सर्वसाधारण, आर म्हणजे रुरल, के म्हणजे कन्नड माध्यम. शेवटच्या फेरीचा थ्री बी आरचा रकाना आणि सिव्हिल, मेकॅनिकलची पानं त्यानं उघडलीच नाहीत.

दुसरी थाप अजून वाईट, कारण शिकलेली माणसंही तिला फसतात. "मोठं कॉलेज वर टाकलं तर खालचं हातचं जातं," असं तो सांगायचा. हे साफ खोटं आहे. संगणक तुमच्या रँकवर तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथं जागा बसते तिथं थांबतो. वरची पाच कॉलेजं नाही मिळाली म्हणून सहाव्यावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. ऑप्शन कितीही टाकता येतात. म्हणून यादी लावायची ती आपल्या आवडीच्या क्रमानं, कटऑफच्या नव्हे. आणि जिथं जायचंच नाही असं कॉलेज यादीत शेवटीसुद्धा ठेवायचं नाही, कारण तेच मिळू शकतं.

मग सीट सेफ ठेवण्यासाठी म्हणून आणखी साठ हजार, तेही त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर. बाबांनी सोसायटीतली पिग्मी, म्हणजे रोजची बचत, मोडली. व्हेरिफिकेशनच्या नावाखाली ओरिजिनल मार्क्स कार्ड आणि टीसी घेऊन गेला. कॉलेजांनीसुद्धा विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 साली लेखी बजावलंय. मग मधल्या माणसाला ती ठेवायचा अधिकार कुठला?

मॉक अलॉटमेंट, म्हणजे जागावाटपाची रंगीत तालीम, आली तेव्हा तो म्हणाला, मॉकचं काय मनावर घ्यायचं, ती नुसती चाचणी. खरं तर मॉक असते ती यादी सुधारता यावी म्हणूनच. पहिल्या फेरीत बहिणीला बेंगळूरच्या पलीकडचं एक कॉलेज लागलं. त्याचं नाव घरात कुणी ऐकलं नव्हतं आणि तिनं ते कधी मागितलंही नव्हतं. आम्हाला कळेपर्यंत तिच्या लॉगिनमधून चॉइस वन दिलेला होता. चॉइस वन म्हणजे ही जागा मला मान्य, मी पुढच्या फेरीत नाही. चॉइस टू दिला असता तर ती जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या कॉलेजांसाठी थांबता आलं असतं. त्या एका क्लिकनं तिचं वर्ष गेलं.

आईच्या माहेरकडचे एक निवृत्त लेक्चरर आहेत. त्यांनी ऑप्शनची प्रिंट बघितली. वरची चार नावं इतकी मोठी की तिथं ती पोचणारच नव्हती, आणि त्याखाली ओळीनं अनोळखी कॉलेजं. बेळगाव-हुबळीचं एकही नाव नाही. सर म्हणाले, "या कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात. तिथं जायला मधे माणूस कशाला लागतोय?" अशा ठिकाणी पोरगं पाठवलं की डोक्यामागं कमिशन मिळतं, हे त्यांच्याकडून कळलं. म्हणजे यादी करायचे पैसे आम्ही दिले आणि यादी झाली ती दुसऱ्याच्या सोयीची. लॉगिन दुसऱ्याच्या हातात गेलं की काय होतं ते बेंगळूरलाही दिसलंय. 2024 मध्ये केईएच्याच तक्रारीवरून मल्लेश्वरम पोलिसांनी सीट ब्लॉकिंगचा, म्हणजे जागा अडवून ठेवण्याचा, गुन्हा नोंदवला आणि पुढं अटकाही झाल्या.

याच माणसानं किणयेच्या एका घराला वेगळ्या वाटेनं गाठलं. सीमाभाग कोट्यातून पुण्याला सीट देतो, परीक्षेची गरज नाही, दाखले मी काढतो, वीस हजार. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात सोय आहे, ही गोष्ट खरी. पण त्या प्रवेशप्रक्रियेत शिरायला एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेनचे गुण लागतात. दाखल्यांचे नमुने महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात आणि त्यासाठी एजंट लागत नाही. रुरलचंही तसंच. शाळेचं स्टडी सर्टिफिकेट आणि त्यावर बीईओची (तालुक्याचा शिक्षणाधिकारी) सही, एवढंच ते काम. कास्ट-इन्कमचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसात, मिळतो. या सगळ्याचेही तो वेगळे पैसे लावत होता.

सरांनी नंतर बहिणीला शेजारी बसवून तीच यादी नव्यानं करून दाखवली, तेव्हा मला कळलं की हे काम एका रविवारच्या दुपारचं आहे. आधी ब्रँच ठरवली, कारण त्यानंच अर्ध्याहून जास्त ओळी गळतात. मग घरापासूनचं अंतर आणि होस्टेलचा खर्च. मग मागच्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांतला आपल्या कॅटेगरीचा शेवटचा रँक. उरलेल्या प्रत्येक कॉलेजला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) यंदाची मान्यता आहे का, ते त्यांच्या साइटवर बघितलं. ती मान्यता कॉलेजनं दाखवलेल्या जुन्या कागदावरून समजत नाही. नर्सिंगला जाणाऱ्यांनी नर्सिंग कौन्सिलची आणि फार्मसीवाल्यांनी फार्मसी कौन्सिलची मान्यता तपासायची. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी काढते, त्यात कितीतरी वर्षं आपल्याच गोकाकच्या एका तथाकथित मुक्त विद्यापीठाचं नाव छापून आलंय, तीही एकदा नजरेखालून घालावी. शेवटी जी सात-आठ कॉलेजं उरली त्यांपैकी जवळची तिनं स्वतः जाऊन बघितली, तिथल्या पोरांशी बोलली. लॅब चालू असते का आणि शिकवायला कोण येतं, हे कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

मार्क्स कार्ड आणि टीसी परत मिळाले, पोलिसांत जातो म्हटल्यावर. पैसे मिळाले नाहीत. यूपीआयनं गेलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करावा लागतो. जितका उशीर होतो तितकी रक्कम अडवणं अवघड होत जातं. सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस स्टेशनात आमची लेखी तक्रार आहे, सोबत यूपीआयच्या नोंदी आणि त्याच्या व्हॉट्सअॅप मेसेजच्या प्रिंट जोडल्यात. त्याच्याकडं गेलेली आणखी घरं पुढं आली तर ती तक्रार बळकट होईल. बहीण बेळगावातच बीएससीला बसलीय आणि यंदा पुन्हा सीईटी देणार आहे. अर्ज तिनं स्वतः भरलाय, तिच्या नंबरवर.

तुमच्या घरातला अर्ज शिबिरात भरला गेला असेल तर आजच त्याची प्रिंट काढा आणि मोबाइल नंबरचा रकाना बघा. नंबर परक्याचा असेल तर पासवर्ड बदला आणि ऑप्शन एंट्री सुरू व्हायच्या आधी केईएला लेखी कळवा. त्या कागदाची पोच जपून ठेवा.