पापडाच्या पट्ट्यावरचे इन्फ्रारेड दिवे: दोन पावसाळ्यांचा अनुभव

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या पापडाच्या कारखान्यात पावसाळ्यात वाळवणीला ऊन मिळत नाही आणि गरम हवेच्या भट्टीत पापडाच्या कडा आधी वळतात, म्हणून आम्ही वाळवणीच्या सरकत्या पट्ट्यावर क्वार्ट्झच्या (उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) नळीचे इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांचे, दिवे बसवले.

पहिला संच लघुलहरींचा, म्हणजे कमी तरंगलांबीच्या किरणांचा होता. त्याची तार सुमारे 2,200 अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि किरणांचा जोर 1.2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास असतो. पाणी मात्र 3 मायक्रॉनजवळचे किरण फार चांगले शोषते, त्यामुळे पातळ पापडातून बरीच उष्णता आरपार जाऊन खालचा पट्टाच तापत असे. विक्रेत्याने हे आधीच सांगायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. मध्यम लहरींचे, म्हणजे 3 मायक्रॉनच्या जास्त जवळचे किरण देणारे दिवे लावल्यावर पापड एकसारखे वाळू लागले. हे दिवे बंद केल्यावर लगेच निवत नाहीत, म्हणून पट्टा अडकताच ते आपोआप वर उचलले जातील अशी सोय करून घेतली आणि तेव्हापासून करपलेला माल निघालेला नाही. बाहेर पडणारी वाफ ओढून घेणारा पंखा मात्र हवाच, कारण दमट हवेत नुसत्या दिव्यांनी काम होत नाही.

काच फुटून मालात पडण्याची भीती मला सर्वांत जास्त वाटते; दिव्यांखाली स्टीलची बारीक जाळी घेतल्याशिवाय खरेदी करू नये. नळीला उघड्या हातांनी स्पर्शही करू नये, कारण घामातल्या क्षारांमुळे तापलेले क्वार्ट्झ पांढरे पडून तडकते.