नाडी कुठे काचते? तीन परकर, कंबरेच्या कातडीच्या हिशेबाने

परकर घेताना साडीला रंग जुळतो का, एवढंच बघितलं जातं. इथे तिन्ही प्रकार एकाच कसोटीवर तपासले आहेत: वर्षानुवर्षं रोज बांधला तर कंबरेच्या कातडीचं काय होईल? कारण 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी कंबरेला घट्ट बांधण्यातून कातडीचा कॅन्सर झालेल्या दोन बायकांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक सत्तर वर्षांची, कंबरेला उजवीकडे 18 महिने न भरलेली जखम. दुसरी साठी उलटलेली, चाळीस वर्षं लुगडं घट्ट नेसणारी. तिची जखम दोन वर्षांची आणि कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला. असं क्वचितच होतं. पण नाडीचा काळा पट्टा आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तो लाजेपोटी कोणी कोणाला दाखवत नाही.

साधा गोल नाडीचा परकर सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाईट. नाडी जेमतेम 3-4 मिलिमीटर जाड. नेफा सैल असतो, त्यामुळे कापड गोळा होतं आणि पाच-साडेपाच मीटर साडीचा भार त्या दोरीवर येतो. खरी खोट चिरेपाशी आहे. नाडी बाहेर येते तिथे खाली कापडच नसतं, म्हणून गाठ आणि दोरी थेट कातडीवर घासतात, रोज त्याच दोन बोटं जागेवर. साटीनचा परकर घसरतो, म्हणून नाडी आणखी आवळावी लागते. सुती कापड साडीला धरून ठेवतं, तेवढी सैल बांधली तरी चालते. साधाच वापरायचा असेल तर टेलरकडून चिरेच्या आत चार बोटं रुंद मऊ सुती पट्टी लावून घ्या आणि गाठीची बाजू रोज बदला.

रुंद पट्ट्याचा सुती परकर आम्ही बिनधास्त सुचवू. पट्टा 4 सेंटिमीटरचा असला की तोच ताण जवळपास दहापट जागेवर पसरतो. मात्र पट्ट्यात बारीक दोरी ओवलेली असेल तर पैसे वाया. बांधल्यावर पट्टा चुरगळून पुन्हा दोरीच होते. चपटी नाडी हवी आणि नेफा तिच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटरच जास्त. नाडीऐवजी दोन ओळी हुक असतील तर उत्तम. नवं पॉपलिन खळीमुळे टोचतं, दोनदा धुऊनच नेसा. बसल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. रात्री सोडल्यावरचा वळ सकाळीही दिसत असेल तर बांधणं घट्ट आहे.

मासोळीच्या आकाराचं इलॅस्टिकवालं शेपवेअर लग्नाकार्यात ठीक. नाडी नाही ही जमेची बाजू. पण परभणी-नांदेडच्या मे महिन्यात त्या कापडात घाम जिरत नाही, आणि कापूस वेचताना किंवा उसाच्या फडात दिवसभर वाकणाऱ्या बाईला ते घालायला सांगणं चूक आहे. तिथे सुतीच. नऊवारी थेट कंबरेवर नेसणाऱ्या आजीबाईंनी आत जुन्या धोतराची चौपदरी मऊ घडी घ्यावी.

आता कातडी. नुसता काळपट किंवा पांढुरका पट्टा, खाज, बारीक खपल्या ही काचण्याची खूण. सैल बांधलं, जागा कोरडी ठेवली की इथेच थांबते. नायटा याच जागी होतो, पण त्याची कड गोल पसरते आणि मधलं कातडं निवळत जातं. मेडिकलवरून आणलेल्या ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन (ही स्टेरॉइडं आहेत) लिहिलं असेल तर ती लावू नका. खाज थांबते, नायटा आत वाढत राहतो, कातडी पातळ होते आणि खरा आजार झाकला जातो.

धोक्याची खूण वेगळी. चार आठवड्यांत न भरणारी जखम. कड बोटाला टणक आणि वर उचललेली. कापड लागताच रक्त येणं, फुलकोबीसारखं वाढलेलं मांस, घाण वास, जांघेत न दुखणारी गाठ. यातलं एकही दिसलं तर मलमपट्टीत दिवस घालवू नका. जुन्या भाजल्याच्या व्रणावरही हेच नियम. तळपायावर किंवा नखाखाली नव्याने आलेला, पसरणारा काळा डागही असाच दाखवा.

अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचा विभाग आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा छोटा तुकडा काढून तपासतात. नुसता मधला सडका भाग घेतला तर निदान हुकू शकतं. परकर नेमका कुठे बांधता ते बोटाने दाखवा, जखम किती महिन्यांची ते सांगा, आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून सोबत न्या.