हडसन्स बेचं ब्लँकेट, नाशिकमध्ये दोन हिवाळे वापरून

मुलगी कॅनडात एडमंटनला असते, 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा तिने तिथल्या जुन्या हडसन्स बे कंपनीचं हे ब्लँकेट घेऊन दिलं. दोन हिवाळे पुरेपूर वापरून झालेत, म्हणून आता लिहितेय.

आधी वस्तूबद्दल. 4 पॉइंटचं (पॉइंट म्हणजे काठाजवळची बारीक रेघ) आहे म्हणजे 72 बाय 90 इंच, दोघांना पुरतं. निव्वळ लोकर, इंग्लंडमध्ये विणलेलं, सायीच्या रंगावर हिरवा, लाल, पिवळा आणि निळा असे जाड पट्टे. चांगलंच जड आहे. अंगावर घेतल्यावर पहिली पाच मिनिटं काही कळत नाही, मग जी ऊब धरते ती पहाटेपर्यंत सुटत नाही. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागतो ना, त्या आठवड्यात तर याला तोड नाही. टोचतं मात्र, सासूबाई तर खाली जुन्या लुगड्याची गोधडी घेतल्याशिवाय अंगाला लावून घेत नाहीत. आणि आपल्याकडे वापर डिसेंबर-जानेवारीचाच, बाकी दहा महिने ट्रंकेत, त्यामुळे फक्त थंडीसाठी घ्यायचं असेल तर चांगली घोंगडी घ्या, ती निम्म्याहून कमी पैशात येते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

आता काठाजवळच्या चार बारीक काळसर रेघा. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो हे काय, डाग पडलाय का. मी पण आधी सगळ्यांना सांगायचे की एक रेघ म्हणजे बीव्हरचं (तिकडचा नदीत राहणारा केसाळ प्राणी) एक कातडं, चार रेघा म्हणजे चार कातड्यांना हे ब्लँकेट मिळायचं, कारण सगळीकडे तसंच सांगतात. ते चूक आहे! रेघ म्हणजे माप. लोकरीचं कापड विणल्यावर ते आटवून घट्ट करतात, मग घड्या घालून थप्पी लावली की कुठलं लहान कुठलं मोठं ते उलगडल्याशिवाय कळत नाही, म्हणून काठाला रेघा. युक्ती फ्रान्सच्या विणकरांची, आणि हडसन्स बे कंपनीने 1780 च्या सुमारास आपल्या ब्लँकेटांना ती लावली. हे मला समजलं ते फोर्ट एडमंटन पार्कमध्ये, तिथे कंपनीची नदीकाठची जुनी फरच्या व्यापाराची पेढी 1846 साली जशी होती तशी परत उभी केलीये, गेटपासून वाफेच्या इंजिनाच्या गाडीत बसून जायचं. जुन्या वेशातल्या एका मुलीने बीव्हरचं कातडं हातात दिलं आणि म्हणाली वरचे लांब केस बाजूला करून आत बघा. आत इतकी दाट मऊ लव की बोट रुतलं. सगळा धंदा त्या आतल्या लवेवर होता. युरोपात तिच्या फेल्टच्या टोप्या बनायच्या, त्या केसांना सूक्ष्म काटे असतात त्यामुळे ते एकमेकांत अडकून घट्ट बसतात. आपल्याकडचं जेन जसं लोकर न विणता दाबून करतात, तसंच तत्त्व. गंमत म्हणजे कातडं कोणी वर्षभर अंगावर वापरून जुनं केलेलं असेल तर त्याला जास्त भाव, कारण वरचे राठ केस आपोआप झडून गेलेले असायचे.

हिशोब पैशात नाही, चांगल्या बीव्हरच्या एका कातड्यात व्हायचा, बाकी सगळ्याची किंमत तितक्या पटीत. ही पेढी कंपनीने 1795 मध्ये नॉर्थ सॅस्कॅचेवान नदीवर पहिल्यांदा उभारली ती आत्ताच्या शहरापासून प्रवाहाच्या दिशेने बरीच खाली, 1802 मध्ये वर आणली, मग 1825 ला पूर आला आणि 1830 ला ती उंचावर हलवावी लागली. हे ऐकताना मला आपला गोदापात्रातला दुतोंड्या मारुतीच आठवला, पाणी त्याच्या कमरेला लागलं की सराफ बाजारात आवराआवर सुरू. नदीने धंदा द्यायचा आणि नदीनेच दुकान हलवायला लावायचं, हे गोदाकाठच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. तिथून कातड्यांचे गठ्ठे यॉर्क बोटी नावाच्या मोठ्या लाकडी होड्यांतून लेक विनिपेग, मग हेस नदीने यॉर्क फॅक्टरी हे कंपनीचं समुद्राकाठचं ठाणं, तिथून जहाजाने लंडन, आणि परतीच्या वाटेने ही ब्लँकेटं. उलट्या प्रवाहात माणसं काठाने दोर खांद्यावर घेऊन बोटी ओढत चालायची.

क्री लोक या जागेला म्हणतात अमिस्क्वाचीवास्काहिकन, बीव्हर टेकड्यांवरचं घर. कातडी आणायचे ते आणि इतर आदिवासी, शिवाय पेम्मिकन म्हणजे सुक्या मांसाचा चरबी घातलेला टिकाऊ खाऊ, मोकासिन जोडे, हे सगळं त्यांच्या आणि मेटी (आदिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाच्या) बायकांच्या हातचं, त्यांच्याशिवाय ती पेढी एक हिवाळा चालली नसती. आणि याच व्यापाराच्या वाटांनी देवीचा रोग आत शिरला, 1781 च्या आसपास वस्त्याच्या वस्त्या बसल्या. हे सांगितल्याशिवाय ब्लँकेटचं कौतुक करणं मला पटत नाही.

तक्रार एकच, ती ब्लँकेटची नाही. गेल्या वर्षी इथल्या एका लॉन्ड्रीत दिलं, ड्रायक्लीनच करा म्हणून दोनदा बजावलं, तरी त्यांनी एक कोपरा गरम पाण्यात घासला. तो कोपरा आटून तळहाताएवढा कडक चकता झालाय. दुकानातले काका म्हणाले, "ताई, इस्त्रीने सुटेल." नाही सुटत, लोकर एकदा आटली की आटली, टोप्या त्याच गुणावर बनायच्या ना! तेव्हा घरी धुवायला काढू नका, उन्हात फार वेळ ठेवू नका, ट्रंकेत वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला, कसर लागत नाही.

माझ्याकडून 5 पैकी 4, एक कापला तो टोचण्याचा. आता मिळणं मात्र अवघड झालंय. कंपनीची सनद 2 मे 1670 ची, म्हणजे ज्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इथे वणी-दिंडोरीला महाराजांनी दाऊदखानाला हरवलं तेच वर्ष, आणि 1 जून 2025 ला तिची सगळी दुकानं बंद झाली. नाव आणि पट्टे तिकडच्या कॅनेडियन टायर या दुकानांच्या साखळीने घेतले. कोणाच्या नातेवाईकाकडे तिकडे जुनं पडून असेल आणि विकत असेल तर घ्यायच्या आधी उजेडात धरा, कसरीची भोकं लगेच दिसतात, आणि काठाच्या रेघा मोजून माप विचारा. किंमत कातड्यात सांगायला लागले तर त्यांना हे वाचायला द्या.